मनोरुग्णांचे सेवक आणि त्यांचे शिक्षण

पॅरिस शहराच्या दक्षिणेस बिसेत्र नावाचे एक जुने आणि अवाढव्य इस्पितळ आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तेथे म्हातारे, दरिद्री, गुन्हेगार आणि वेडे अशी सर्व तऱ्हेची माणसे एकत्र कोंबलेली असत. ह्याच इस्पितळात गंडमाळांच्या विकाराने ग्रासलेला एक तरुण दाखल झाला. त्याचे नाव झाँ-बातिस्त प्यूसँ. कातडी कमावणे हा त्याचा धंदा. दुखणे बरे झाल्यावर तो इस्पितळातच नोकरीस लागला आणि पुढे वेड्यांच्या विभागाचा मुख्य रखवालदार झाला. वैद्यकाचा एक शब्दही त्यास कोणी शिकविला नव्हता. परंतु जे डोळ्यांसमोर घडे ते तो नीट पाही आणि लक्षात ठेवी. मार खाल्लेला रोगी अधिकच चवताळतो आणि शांतपणे बोलल्यास तोच पुष्कळदा निवळतो, हे त्याने वर्षानुवर्षे पाहिले. म्हणून रोग्यावर हात उगारण्याची त्याने आपल्या नोकरांस सक्त मनाई केली. जे ऐकेनात त्यांस काढून टाकले आणि त्यांच्या जागी कोणास नेमले? तर बऱ्या होत आलेल्या रोग्यांस! ज्याने ते हाल स्वतः भोगले आहेत तो दुसऱ्याशी अधिक सबुरीने वागतो, असा त्याचा अनुभव होता.

१७९३ साली फिलिप पिनेल हे विद्वान वैद्य बिसेत्र येथे आले. त्यांच्या मोठेपणाची खूण ही की, ह्या अशिक्षित रखवालदाराकडून शिकण्यात त्यांस कमीपणा वाटला नाही. रखवालदाराची पत्नी मार्गरीत हीही ह्या कामी तितकीच निष्णात होती. दोघे रोग्यांशी कसे बोलतात, रागावलेल्यास कसे वळवितात, न जेवणाऱ्यास कसे जेवू घालतात, हे पिनेल पाहत राहिले, आणि १८०१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी हे ऋण मान्यही केले. लोकांत मात्र वेगळीच कथा रूढ झाली. बिसेत्र येथील वेड्यांच्या पायांतील साखळ्या १७९७ साली निघाल्या त्या प्यूसँच्या हुकमाने. पिनेल तर दोन वर्षांपूर्वीच साल्पेत्रिएर ह्या स्त्रियांच्या इस्पितळात गेले होते. पुढे १८०२ मध्ये त्यांनी प्यूसँला तेथे बोलावून घेतले. परंतु १८७६ साली रोबेर-फ्लरी ह्या चित्रकाराने वेड्यांच्या मुक्ततेचा प्रसंग रंगविला तेव्हा मधोमध उभे राहिले ते पिनेल, आणि शाळेच्या पुस्तकांतूनही तेच उभे राहिले.

ह्या शास्त्राच्या आरंभी रखवालदार हा गुरू होता आणि वैद्य हा शिष्य, ही गोष्ट पुढील दीडशे वर्षांत जवळजवळ विसरली गेली. रखवालदारास काही शिकवावे हा विचारसुद्धा फार उशिरा सुचला. आणि सुचला तेव्हा एकदा शिकविले म्हणजे संपले, अशी सर्वांची समजूत झाली.

विचार सुचण्याचे कारण मोठे व्यावहारिक होते. १८३९ साली लंडनजवळच्या हॅनवेल येथील वेड्यांच्या इस्पितळात डॉक्टर जॉन कॉनली ह्यांनी पट्टे, बेड्या, बांधून ठेवण्याच्या खुर्च्या ही सर्व साधने बंद केली. त्यांची वाहवा झाली आणि टीकाही झाली. परंतु खरी अडचण वॉर्डात होती. रात्री दोन वाजता एखादा रोगी उठून दारावर धडका मारू लागला तर पूर्वीच्या रखवालदारास काय करावयाचे ते ठाऊक होते. पट्टा आवळण्यास अक्कल लागत नाही. आता पट्टा गेला आणि त्या जागी माणसाचा स्वभाव, बोलणे, धीर आणि समयसूचकता ह्यांची गरज पडली. ही सामग्री आणावयाची कोठून? सेवक म्हणून येत ते निवृत्त शिपाई, शेतमजूर, घरकाम सोडून आलेल्या मुली. पगार अल्प, कामाचे तास प्रचंड, राहणेही इस्पितळाच्या आवारातच. रोग्यासारखेच तेही आत कोंडलेले असत, असे म्हटले तरी चालेल.

स्कॉटलंडात डम्फ्रीज येथे क्राइटन नावाचे इस्पितळ होते. तेथील प्रमुख डॉक्टर विल्यम ब्राउन ह्यांनी १८५४ साली आपल्या सेवकवर्गासाठी मनोविकारांवर तीस व्याख्यानांची माला गुंफली. दिवसभर राबलेली माणसे संध्याकाळी बाकांवर बसून मेंदू, भ्रम, उदासीनता ह्यांविषयी ऐकत आहेत, हे दृश्य त्या काळी अपूर्वच होते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील मॅक्लीन इस्पितळात डॉक्टर एडवर्ड काउल्स ह्यांनी १८८२ मध्ये अशा परिचारिकांसाठी रीतसर शाळाच काढली. आणि १८८५ साली ब्रिटनमधील मनोविकारतज्ज्ञांच्या संघाने एक चोपडे प्रसिद्ध केले. त्याची पाने अवघी चौसष्ट, बांधणी तांबड्या रंगाची, म्हणून सेवकांत त्याचे नाव पडले ‘लाल पुस्तक’. शरीराची रचना कशी आहे, आजाऱ्याची शुश्रूषा कशी करावी, मन बिघडते म्हणजे काय होते, आत्मघाताच्या विचारात असलेल्या रोग्यावर नजर कशी ठेवावी, अशा गोष्टी त्यात सोप्या भाषेत सांगितल्या होत्या. १८९१ च्या मे महिन्यात ह्या विषयाची पहिली परीक्षा झाली आणि उत्तीर्ण झालेल्यांस प्रमाणपत्रे मिळाली.

त्या प्रमाणपत्राचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. ज्या माणसास समाज तुरुंगाच्या शिपायाहूनही हलका मानीत असे, त्याच्या हाती प्रथमच आपल्या ज्ञानाचा पुरावा आला. तथापि त्यात एक उणीव होती आणि ती कोणाच्या ध्यानात आली नाही. हे प्रमाणपत्र जन्माचे होते. विसाव्या वर्षी मिळविलेले साठाव्या वर्षीही तितकेच खरे मानले जाई. पुस्तक मात्र स्वस्थ बसले नाही. आवृत्तीमागून आवृत्ती निघत ते फुगत गेले आणि चौसष्ट पानांची काही शतके पाने झाली. पहिल्या आवृत्तीवर उत्तीर्ण झालेला सेवक आणि सातव्या आवृत्तीवर उत्तीर्ण झालेला सेवक एकाच वॉर्डात शेजारीशेजारी काम करीत. वरिष्ठ अर्थातच पहिला.

ह्या काळात उपचारांत काय काय घडले ते पाहिले म्हणजे ह्या उणिवेचा अर्थ कळतो. १९१७ साली व्हिएन्नात वाग्नर-याउरेग ह्यांनी उपदंशाने बिघडलेल्या मेंदूवर हिवतापाचा उतारा काढला. १९३३ च्या सुमारास साकेल ह्यांनी इन्शुलीन देऊन रोग्यास बेशुद्धीत नेण्याची पद्धत सांगितली. तीत परिचारिकेने घटकेघटकेस नाडी, श्वास आणि घाम ह्यांवर लक्ष ठेवावे लागे, आणि थोडे दुर्लक्ष झाल्यास प्राणावर बेते. १९३८ मध्ये रोम येथे विजेचा उपचार आला. १९४९ मध्ये स्कॉटलंडातील डिंगल्टन इस्पितळाने आपल्या सर्व वॉर्डांची कुलपे काढली. १९५२ मध्ये पॅरिस येथे क्लोरप्रोमाझीन हे औषध रोग्यांस देण्यात आले आणि वॉर्डांतला आरडाओरडा ओसरू लागला. ज्या सेवकाची सारी कर्तबगारी किल्ल्यांच्या जुडग्यात होती, त्याने कुलपे गेल्यावर करावे काय? त्यास रोग्याशी बोलावयाचे होते, त्यास कामास लावावयाचे होते, घरी जाण्यास तयार करावयाचे होते. ह्यांपैकी काहीही त्याच्या प्रमाणपत्रात नव्हते.

शिळ्या झालेल्या शिक्षणाचे फळ किती कडू असू शकते, हे वेल्समधील कार्डिफ शहरी दिसून आले. तेथील ईली इस्पितळात मुख्यत्वे बुद्धीने मंद असलेली माणसे ठेवलेली होती. १९६७ साली तेथल्या एका साहाय्यक सेवकाने आतील मारझोडीची आणि हयगयीची हकीकत वृत्तपत्रास कळविली. जेफ्री हाउ ह्या कायदेपंडितांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली आणि १९६९ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. तक्रारींतील पुष्कळ भाग खरा ठरला. परंतु अहवालातील मर्माची गोष्ट वेगळीच होती. ह्या वागणुकीच्या मुळाशी बहुतांशी बुद्ध्या केलेली क्रूरता नव्हती. जुनाट, धसमुसळ्या आणि कोणी कधी न तपासलेल्या पद्धती होत्या. त्या माणसांनी पूर्वी जे पाहिले तेच ती करीत होती. दुष्ट मनुष्यास काढून टाकता येते. चाळीस वर्षांपूर्वीचे ज्ञान इमानेइतबारे वापरणाऱ्या मनुष्याचे काय करावे? पुढे १९९५ पासून ब्रिटनमधील प्रत्येक नोंदणीकृत परिचारिकेस दर तीन वर्षांत किमान पाच दिवस अध्ययन केल्याचे दाखविणे भाग पडले, आणि पुढे ही मर्यादा तीन वर्षांत पस्तीस तास अशी झाली. जन्माचे प्रमाणपत्र संपुष्टात आले ते असे, शंभर वर्षांनी.

आता हिंदुस्थानाकडे वळावे. येथे वेड्यांची इस्पितळे इंग्रजी अमलात निघाली. मुंबईचे कुलाब्याचे इस्पितळ अपुरे पडू लागल्यावर १९०१ साली ठाण्याचे निघाले, पुढे पुण्यास येरवड्याचे झाले. १९१२ चा कायदा आला, पाट्या बदलल्या, ‘वेड्यांचे इस्पितळ’ जाऊन ‘मेंटल हॉस्पिटल’ हे नाव आले. आतील व्यवस्था मात्र कोंडवाड्याचीच राहिली. ह्यास एक अपवाद होता तो रांचीचा. तेथे गोऱ्या रुग्णांसाठी असलेल्या इस्पितळाची सूत्रे १९१९ मध्ये ओवेन बर्कले-हिल ह्यांच्या हाती आली. हा मोठा धडाडीचा आणि तितकाच हेकेखोर गृहस्थ. रुग्णांस हस्तव्यवसाय, खेळ आणि नियमित सवयी ह्यांनी बरे करावे असा त्याचा आग्रह, आणि त्यासाठी सेवकवर्ग शिकलेलाच पाहिजे हा दुसरा आग्रह. परंतु ती सोय गोऱ्यांसाठी. देशातील बाकीच्या इस्पितळांत वॉर्डर येत, पाहून शिकत आणि निवृत्त होत.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. मनोरुग्णालयांची पाहणी समितीसाठी कर्नल टेलर ह्यांनी केली होती, आणि त्यांचा निष्कर्ष लाजिरवाणा होता: बहुसंख्य इमारती माणसांस बरे करण्यासाठी नसून डांबून ठेवण्यासाठी बांधलेल्या आहेत. इंग्लंडात सुमारे तीनशे लोकांमागे मनोरुग्णालयातील एक खाट होती. हिंदुस्थानात सुमारे चाळीस हजारांमागे एक. खाटा वाढवावयाच्या तर त्या खाटांपाशी उभे राहणारी माणसे आधी घडविली पाहिजेत, हे समितीने ओळखले. तिच्या शिफारशींतून १९५४ मध्ये बंगळूर येथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली. डॉक्टर एम. व्ही. गोविंदस्वामी हे तिचे पहिले संचालक. डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि परिचारिका ह्यांचे अभ्यासक्रम तेथे सुरू झाले. तीच संस्था १९७४ पासून निम्हान्स ह्या नावाने प्रसिद्ध आहे.

परंतु देश एवढा मोठा आणि संस्था एक! १९७५ च्या सुमारास दोन ठिकाणी एक वेगळा प्रयोग झाला. बंगळूरजवळ सकलवाडा येथे आणि हरियाणात रायपूर राणी येथे आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांस आणि गावोगाव फिरणाऱ्या आरोग्यसेवकांस थोड्या मुदतीचे मानसिक आजारांचे शिक्षण देण्यात आले. अपस्मार, तीव्र उदासीनता, भ्रमिष्टपणा ह्या गोष्टी सामान्य आरोग्यसेवकही ओळखू शकतो, आणि कोणास वर पाठवावे हेही ठरवू शकतो, असे दिसून आले. १९८२ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम ह्याच पायावर उभारला गेला. तरी पाया सर्वत्र पोहोचला नव्हता. तामिळनाडूत एरवाडी येथे दर्ग्याच्या आसऱ्याने मनोरुग्णांची खाजगी निवासस्थाने उभी राहिली होती. तेथील रखवालदारांस ना लाल पुस्तक ठाऊक, ना बंगळूर. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे त्यांपैकी एका निवासाला आग लागली आणि अठ्ठावीस माणसे जळून मेली. पायांत साखळ्या असल्यामुळे त्यांस पळता आले नाही. प्यूसँने साखळ्या काढल्या त्यास तेव्हा दोनशे चार वर्षे झाली होती.

दारू आणि अमली पदार्थ ह्यांच्या व्यसनाचा इतिहास निराळ्या वाटेने गेला, आणि गंमत अशी की तो पुन्हा प्यूसँच्याच दाराशी येऊन थांबला. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन ह्या गावी एक शेअरदलाल आणि एक शस्त्रवैद्य भेटले; दोघेही दारूने नागविलेले. एकमेकांशी बोलून आपण कोरडे राहू शकतो हे त्यांस उमगले, आणि ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ह्या मंडळाचा जन्म झाला. १९४३ च्या उन्हाळ्यात येल विद्यापीठाने जेलिनेक ह्यांच्या नेतृत्वाखाली मद्यासक्तीच्या अभ्यासाचे उन्हाळी विद्यालय भरविले. शिक्षक, धर्मोपदेशक, समाजसेवक अशी मंडळी त्यात आली. आणि १९५४ मध्ये मिनेसोटा संस्थानाच्या सरकारने ‘मद्यासक्तीविषयक सल्लागार’ अशी एक नोकरीच निर्माण केली. विलमार येथील इस्पितळात ह्या जागेवर व्यसनातून सुटलेली माणसे नेमली जाऊ लागली. त्यांची पदवी कोणती? स्वतःचा अनुभव.

अनुभव ही पदवी मोठी खरी, पण तिच्यातही एक धोका दडलेला होता. मला ज्या उपायाने बरे वाटले त्याच उपायाने सर्वांस बरे वाटले पाहिजे, असे अनुभवी माणसास फार सहज वाटते. अमेरिकेत पुढील काळात व्यसनी माणसास चारचौघांत उभे करून त्याची निर्भर्त्सना करावयाची, त्याचा खोटेपणा उघडा पाडावयाचा, अशी रीत बोकाळली. १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात निघालेल्या सिनॅनॉन ह्या संस्थेत तर हा एक नित्यक्रमच होता. ह्या कठोरपणाने काही सावरले असतील. पुष्कळ दाराबाहेर गेले ते परत आले नाहीत.

ह्या रीतीस आव्हान मिळाले ते मोठ्या विलक्षण प्रकारे. विल्यम मिलर हे न्यू मेक्सिकोतील मानसशास्त्रज्ञ १९८२ मध्ये नॉर्वेतील बर्गन शहरी काही काळ राहावयास गेले. तेथील तरुण सहकाऱ्यांनी त्यांस आपली पद्धत करून दाखविण्याची विनंती केली. सहकारी रुग्णाची भूमिका घेत, मिलर बोलू लागत, आणि ती मंडळी त्यांस मध्येच थांबवून विचारीत: हाच प्रश्न तुम्ही का विचारला? आता असे का म्हणालात? उत्तरे देता देता मिलर ह्यांस स्वतःचीच पद्धत उलगडली. रुग्णाशी वाद घातला तर तो आपल्या व्यसनाची वकिली करू लागतो. त्याचे ऐकून घेतले तर बदलाची कारणे तो स्वतःच बोलून दाखवितो. १९८३ मध्ये त्यांनी हे लिहून प्रसिद्ध केले आणि पुढे त्याच्या कार्यशाळा देशोदेशी भरू लागल्या.

येथपर्यंत गोष्ट नेहमीसारखीच आहे. पुढे जे घडले ते अधिक बोधप्रद आहे, कारण मिलर ह्यांनी आपल्याच कार्यशाळांची झडती घेतली. दोन दिवसांचा वर्ग आटोपला की विद्यार्थी संतुष्ट असत. आम्ही पुष्कळ शिकलो, असे लिहून देत. मिलर ह्यांनी त्यांच्या पूर्वीच्या आणि नंतरच्या प्रत्यक्ष संभाषणांच्या ध्वनिफिती तपासल्या. बदल थोडासाच होता, आणि रुग्णांच्या बोलण्यात तर काहीच फरक पडला नव्हता. २००१ साली हा निकाल त्यांनी निःसंकोचपणे छापला. २००४ मध्ये त्याहून मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. व्यसनोपचार करणाऱ्या १४० व्यावसायिकांचे गट पाडण्यात आले. एकास नुसते वाचावयास साहित्य दिले, दुसऱ्यास कार्यशाळा, इतरांस कार्यशाळेनंतर त्यांच्याच ध्वनिफिती ऐकून दिलेला अभिप्राय, किंवा दूरध्वनीवरून मार्गदर्शन, किंवा दोन्ही. केवळ कार्यशाळेस आलेल्यांनी जे कमावले ते चार महिन्यांत पुष्कळसे ओसरले. ज्यांचे काम कोणी तरी ऐकत होते आणि त्यांस सांगत होते, त्यांचे टिकले. गायनाच्या गुरूस हे सांगण्याची गरज नाही. शिष्यास समोर बसवून त्याचा सूर ऐकल्यावाचून तो शिकला असे कोणताही गवई म्हणणार नाही. आरोग्यखात्यांस मात्र हे कळण्यास एवढी वर्षे लागली. त्यांस तास मोजणे सोपे जाते.

महाराष्ट्रात दारूबंदीचा कायदा १९४९ चा. त्याने बाटलीचा बंदोबस्त केला, पिणाऱ्याचा विचार त्यात फारसा नव्हता. १९८० नंतर पुण्यामुंबईत ‘गर्द’ शिरले आणि शाळाकॉलेजांतील मुले त्यास बळी पडू लागली, तेव्हा अनिल अवचट ह्यांच्या लेखनाने समाज हादरला. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉक्टर अनिता अवचट ह्यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे ह्यांच्या साहाय्याने १९८६ साली त्याच आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. बरे झालेले रुग्णमित्र तेथे कार्यकर्ते झाले. बिसेत्र येथील रखवालदाराची युक्ती येरवड्यास कोणी पुस्तकातून आणली नव्हती. अडचणच तशी होती आणि उत्तरही तेच सुचले. पुढे मुक्तांगण स्वतःच इतर केंद्रांतील कार्यकर्त्यांस शिकविणारे ठिकाण झाले. व्यसनातून सुटलेल्या माणसाचा अनुभव आणि शास्त्राची शिस्त ह्यांची सांगड घालणे सोपे नसते. कार्यकर्ता स्वतः पुन्हा घसरण्याचा धोका असतो, तो रुग्णाच्या दुःखात बुडूनही जातो. म्हणून त्याच्याशी कोणी तरी नियमाने बोलत राहावे लागते.

मिलर ज्या विद्यापीठात शिकवीत, त्याच न्यू मेक्सिको विद्यापीठात संजीव अरोरा हे मूळचे भारतीय यकृततज्ज्ञ होते. दूरच्या खेड्यांतून रुग्ण आपल्यापर्यंत पोहोचण्याआधीच दगावतात हे पाहून त्यांनी २००३ मध्ये ‘एको’ नावाची योजना काढली. खेड्यातील डॉक्टर ठराविक वारी दूरचित्रपडद्यावर जमतात. प्रत्येकजण आपला स्वतःचा रुग्ण मांडतो आणि तज्ज्ञ व इतर खेड्यांतील डॉक्टर त्यावर बोलतात. यकृताच्या रोगासाठी निघालेली ही पद्धत निम्हान्सने मनोविकार आणि व्यसन ह्यांसाठी उचलली. छत्तीसगढच्या जिल्ह्यांतील समुपदेशक ह्या बैठकीस बसले. त्यांत एखाद्याने सांगावे की, माझ्याकडे एक मजूर येतो, तीन वेळा दारू सोडली आणि तीन वेळा धरली, बायको आता येत नाही. आणि बंगळूरच्या डॉक्टरांनी प्रथम औषधाचे नाव न घेता विचारावे, तो शेवटचा आला तेव्हा तुम्ही त्यास पहिले वाक्य कोणते म्हणालात?